पावसात डिशचा सिग्नल का जातो? थेंब, ढग आणि उपग्रहलहरींचा हिशोब

मृगाचा जोरदार सडाका आला की गोव्यातील घराघरांत दूरचित्रवाणीचा पडदा एकाएकी गोठतो, चित्राचे चौकोनी तुकडे पडतात आणि थोड्याच वेळात ‘सिग्नल उपलब्ध नाही’ अशी ओळ उमटते. दहा-पंधरा मिनिटांनी पावसाचा जोर ओसरला की चित्र आपसूक परत येते. त्याच पावसात हातातील मोबाइलचा नकाशा मात्र आपली जागा बिनचूक दाखवीत असतो, आणि तोही उपग्रहाच्याच लहरींवर चालतो. एकाच ढगाखाली एक लहर अडते आणि दुसरी पार होते, हे कोडे वाटते खरे; पण त्याचे उत्तर पावसाच्या थेंबात आहे.

हा प्रश्न आता केवळ मालिका किंवा क्रिकेटचा सामना चुकण्यापुरता राहिलेला नाही. बँकांची दूरस्थ केंद्रे, किनाऱ्यावरील इशारायंत्रणा, डोंगरातील गावांसाठी येऊ घातलेले उपग्रह इंटरनेट हे सारे कमी-अधिक प्रमाणात याच लहरींवर विसंबून आहे. म्हणूनच कोणती लहर कोणत्या पावसात टिकते, हे पावसाळी प्रदेशातील नागरिकांनी आणि प्रशासनानेही जाणून घेण्यासारखे आहे. वर्षाकाठी किती पाऊस पडला, याला या हिशोबात फारसे महत्त्व नसते. कोणत्या मिनिटाला तो किती जोराने पडला, थेंब केवढे होते आणि लहर किती लांबीची होती, या तीन गोष्टी निर्णायक ठरतात.

ढगातील कणापासून थेंबापर्यंत

हवेतील बाष्प आपोआप थेंबाचे रूप घेत नाही. त्याला बसायला एखादा सूक्ष्म कण लागतो. समुद्राच्या लाटा फुटताना उडालेले मिठाचे कण, धूळ, धूर यांवर बाष्प साचते आणि ढगातील थेंब तयार होतो. या कणांना संघनन केंद्रके म्हणतात. ढगातील अशा थेंबाचा व्यास साधारण ०.०२ मिलिमीटर असतो. तो इतका हलका असतो की वर चढणारी हवा त्याला सहज तोलून धरते. जमिनीवर पडणाऱ्या पावसाच्या थेंबाचा व्यास मात्र दोन मिलिमीटरच्या आसपास असतो. व्यासात शंभरपट फरक, म्हणजे आकारमानात दहा लाखपट. पावसाच्या एका थेंबासाठी ढगातील सुमारे दहा लाख सूक्ष्म थेंब एकत्र यावे लागतात.

हे मीलन दोन वाटांनी होते. पहिल्या वाटेत ढग फार उंच नसतो, त्याचे तापमान गोठणबिंदूच्या वर असते. काही थेंब इतरांहून किंचित मोठे असतात. ते वेगाने खाली येताना वाटेतील लहान थेंबांना गिळत मोठे होतात. यास उष्ण पाऊस म्हणतात. दुसऱ्या वाटेत ढग गोठण पातळीच्या बराच वर जातो. तेथे बर्फकण आणि अतिशीत पाणी शेजारी नांदतात. बर्फकण आसपासचे बाष्प ओढून घेतात, वाढतात, खाली येताना वितळतात आणि पावसाचे थेंब बनतात.

थेंब हवा तेवढा मोठा मात्र होऊ शकत नाही. एक मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे चार मीटर, तर पाच मिलिमीटरचा सुमारे नऊ मीटर वेगाने पडतो. पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे गेला की हवेच्या दाबाने तो फुटतो. चित्रांत पावसाचा थेंब वर निमुळता, अश्रूसारखा दाखवतात, पण तसा तो कधीच नसतो. लहान थेंब गोल असतो आणि मोठा थेंब खालून चपटा होत पावासारखा दिसू लागतो. हा चपटेपणा उपग्रहलहरींच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

लहर थेंबात कशी अडकते

घराच्या छपरावरील डिश ज्या लहरी पकडते त्या ‘केयू’ पट्ट्यातील, म्हणजे सुमारे ११ ते १२ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या असतात. १२ गिगाहर्ट्झ लहरीची लांबी अडीच सेंटिमीटर भरते. मोबाइलला जागा सांगणाऱ्या जीपीएस लहरीची लांबी १९ सेंटिमीटर आहे. मोठ्या संस्थांच्या भल्याथोरल्या डिश ज्या ‘सी’ पट्ट्यातील लहरी घेतात, त्यांची लांबी साडेसात सेंटिमीटर. आणि नव्या पिढीच्या ‘केए’ पट्ट्यातील लहरी अवघ्या एक ते दीड सेंटिमीटरच्या. दोन-चार मिलिमीटरच्या थेंबापुढे १९ सेंटिमीटरची लहर इतकी मोठी असते की तिला तो जाणवतच नाही. लहर जितकी आखूड, तितका थेंब तिला मोठा वाटतो.

थेंब लहरीचे दोन प्रकारे नुकसान करतो. एक म्हणजे शोषण. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन व दुसरी ऋण असते. लहरीच्या विद्युतक्षेत्राबरोबर हे रेणू वळू पाहतात आणि त्या धडपडीत लहरीची ऊर्जा उष्णता बनून जाते. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी याच तत्त्वावर अन्न तापवते. दुसरे म्हणजे विखुरणे. थेंबावर आदळलेल्या लहरीचा काही भाग चहूकडे फेकला जातो आणि डिशपर्यंत पोहोचत नाही. थेंब मोठे होत जातात तसे हे विखुरणे फार झपाट्याने वाढते.

बर्फाची गोष्ट वेगळी. बर्फात रेणू जागच्या जागी जखडलेले असतात, त्यामुळे ते वळत नाहीत आणि ऊर्जा फारशी शोषतही नाहीत. म्हणूनच आकाशात उंचावर पसरलेले पांढरे बर्फाळ ढग डिशला जवळजवळ पारदर्शक असतात. पाण्याचे पण पाऊस न पाडणारे काळे ढगही ‘केयू’ पट्ट्यातील लहरींचे फार बिघडवत नाहीत. अडथळा खऱ्या अर्थाने सुरू होतो तो थेंब मोठे होऊन पडू लागले की.

याखेरीज पाऊस आणखी एक घाव घालतो. निरभ्र आकाश डिशला अतिशय थंड, म्हणजे शांत भासते. पावसाचा पडदा मात्र स्वतःच्या उष्णतेमुळे याच पट्ट्यात मंद लहरी सोडत असतो. परिणामी ऐकायचा आवाज क्षीण होतो आणि त्याच वेळी भोवतीचा गोंगाट वाढतो. चपटे थेंब आणखी एक घोळ घालतात. एकाच वारंवारतेवर एक संदेश आडव्या आणि दुसरा उभ्या कंपनदिशेने पाठवण्याची पद्धत आहे. चपट्या थेंबांतून जाताना आडवी लहर उभीपेक्षा अधिक क्षीण होते आणि दोहोंतील वेगळेपण पुसट होऊन एकाचा संदेश दुसऱ्यात मिसळतो.

जुन्या दूरचित्रवाणीत सिग्नल अशक्त झाला की पडद्यावर मुंग्या दिसत, पण चित्र काही काळ ओळखू येई. आजच्या डिजिटल प्रसारणात दुरुस्तीची सोय आत विणलेली असल्यामुळे एका मर्यादेपर्यंत चित्र अगदी स्वच्छ राहते. ती मर्यादा ओलांडली की कड्यावरून पडावे तसे ते नाहीसे होते.

डेसिबलचा हिशोब

लहर किती क्षीण झाली हे डेसिबलमध्ये मोजतात. तीन डेसिबल म्हणजे शक्ती निम्मी, दहा म्हणजे एक दशांश, वीस म्हणजे एक शतांश. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ताशी पावसाचा जोर आणि दर किलोमीटरमागील क्षीणन यांचे सूत्र ठरवून दिले आहे.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. गोव्यातून त्याकडे पाहण्याचा कोन बऱ्याच उपग्रहांच्या बाबतीत क्षितिजापासून ६० ते ७० अंश, म्हणजे चांगलाच उभा आहे. उष्ण कटिबंधात गोठण पातळी साधारण पाच किलोमीटरवर असते. तिच्या खाली पाऊस पाण्याच्या रूपात असतो. म्हणजे ३६ हजार किलोमीटरच्या प्रवासात खरी अडचण शेवटच्या साडेपाच किलोमीटरांतच आहे.

या वाटेवर सर्वत्र सारखाच पाऊस आहे असे धरू. ताशी १० मिलिमीटर जोराच्या पावसात १२ गिगाहर्ट्झची लहर सुमारे २ डेसिबल गमावते. चित्र बहुधा टिकते. ताशी २० मिलिमीटरला साडेचार डेसिबल जातात, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. ताशी ५० मिलिमीटरला १३ डेसिबल, म्हणजे विसावा हिस्सा. ताशी १०० मिलिमीटरला ३० डेसिबल, म्हणजे हजारावा हिस्सा. घरगुती डिशच्या जोडणीत राखीव ताकद काही डेसिबलांचीच असते. हाच ताशी १०० मिलिमीटरचा पाऊस ४ गिगाहर्ट्झच्या ‘सी’ पट्ट्यातील लहरीचे जेमतेम एक डेसिबल हिरावतो. उलट २० गिगाहर्ट्झच्या ‘केए’ पट्ट्यात दर किलोमीटरला जवळपास १२ डेसिबल जातात. तेथे संपर्क तुटलाच म्हणायचा.

उष्ण कटिबंधाचा पाऊस निराळा

थेंब मोजण्याचा उद्योग शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतील व्हर्माँटमध्ये विल्सन बेंटली यांनी पीठ पसरलेल्या परातीत पावसाचे थेंब झेलून, त्यांच्या गोळ्या मोजून १९०४ मध्ये निष्कर्ष मांडले. १९४८ मध्ये कॅनडातील मार्शल आणि पामर यांनी कोणत्या जोराच्या पावसात कोणत्या आकाराचे किती थेंब असतात याचे सोपे सूत्र दिले. ते जगभर वापरात आले. पण त्याचा आधार समशीतोष्ण प्रदेशातील पाऊस होता. विषुववृत्ताजवळचा आणि मोसमी पाऊस त्या साच्यात नेहमी बसत नाही, म्हणून येथे स्वतंत्र मोजणीची गरज भासते.

फरक केवढा, हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जुन्या पर्जन्यविभागांतून दिसते. वर्षातील ०.०१ टक्के वेळ, म्हणजे एकूण सुमारे ५३ मिनिटे, ज्या जोराहून अधिक पाऊस पडतो, तो आकडा अभियंते आराखड्यासाठी धरतात. युरोपच्या वायव्य भागात तो ताशी २५-३० मिलिमीटरच्या आसपास होता, तर उष्ण कटिबंधातील सर्वाधिक पावसाळी विभागांत ९५ ते १४५. युरोपात पुरेशी ठरणारी डिश उष्ण कटिबंधातील पावसाळ्यात अपुरी का पडते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

येथे आपल्या सह्याद्रीचा एक विशेष ध्यानात घ्यायला हवा. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि घाटमाथ्यावरील आंबोलीत सात हजारांच्या आसपास. तरी जुलैतील दिवसभराच्या संततधारेत चित्र कित्येकदा शाबूत राहते. अरबी समुद्रावरून आलेली आर्द्र हवा घाटाला भिडून वर चढते तेव्हा बनणारे बरेचसे ढग फार उंच जात नाहीत. त्यांचा पाऊस मुख्यतः उष्ण वाटेचा, पुष्कळ पण लहान थेंबांचा असतो. याउलट मे महिन्यातील वळीव किंवा ऑक्टोबरमधील गडगडाटी पाऊस बारा-पंधरा किलोमीटर उंचीच्या ढगांतून येतो. त्यात गारा वितळून झालेले टपोरे थेंब असतात आणि जोर प्रचंड. असा पाऊस वीसच मिनिटे पडला तरी सिग्नल हमखास जातो. म्हणूनच गोव्याच्या तुलनेत निम्म्याहून कमी पाऊस पडणाऱ्या बेळगावातही वळवाच्या दिवसांत हीच तक्रार ऐकू येते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने महाबळेश्वर येथे २०१२ मध्ये ढगांच्या अभ्यासाची उच्चस्थानीय प्रयोगशाळा उभारली. पावसाळ्यात तेथे ढगच जमिनीला टेकतात, त्यामुळे विमान न उडवताही त्यांतील थेंब मोजता येतात. याच संस्थेने २००९ पासून उपकरणे लावलेली विमाने ढगांत नेऊन देशाच्या विविध भागांत निरीक्षणे घेतली आहेत.

दीर्घ लहरींकडून आखूड लहरींकडे

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. त्याची वारंवारता ८६० मेगाहर्ट्झ, म्हणजे लहर ३५ सेंटिमीटर लांब. तारेच्या जाळीची तीन मीटरची डिश पावसात भिजली तरी लहरीला फरक पडत नसे. पुढे इन्सॅट मालिकेतील ‘सी’ पट्ट्यानेही पावसाला दाद दिली नाही. पण त्यासाठी डिश मोठी लागे. प्रत्येक घराला परवडणारी साठ सेंटिमीटरची डिश हवी तर लहर आखूड करणे भाग होते. २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा सुरू झाली आणि डिसेंबर २००५ मध्ये इन्सॅट-४ए अवकाशात गेला, तेव्हापासून ‘केयू’ पट्टा घरोघरी पोहोचला. लहान डिशच्या सोयीची किंमत आपण पावसात मोजतो.

माहितीची भूक वाढली तसा रुंद ‘केए’ पट्टा खुणावू लागला. जानेवारी २०१४ मध्ये सोडलेल्या जीसॅट-१४ वर २०.२ आणि ३०.५ गिगाहर्ट्झचे दोन दीपसंकेत मुद्दाम बसवले होते. भारतीय पावसात या लहरी किती क्षीण होतात हे मोजणे हाच त्यांचा हेतू. नोव्हेंबर २०२४ मध्ये गेलेला जीसॅट-एन२ पूर्णतः ‘केए’ पट्ट्यात काम करणारा आहे. २०२५ मध्ये स्टारलिंकलाही भारतात उपग्रह सेवेचा परवाना मिळाला. हे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरतात, त्यामुळे ते पावसावर मात करतात असा समज आहे. पाऊस पाच किलोमीटरच्या खाली असतो; उपग्रह जवळ असो वा दूर, तो थर ओलांडावाच लागतो. उलट उपग्रह क्षितिजापासून ३० अंशांवर असताना पावसातील वाट दहा किलोमीटर, म्हणजे गोव्यातील डीटीएचच्या जवळपास दुप्पट होते. फायदा इतकाच की वर एकाच वेळी अनेक उपग्रह असले तर त्यांतील बऱ्या दिशेचा निवडता येतो.

अभियंत्यांचे उपाय

पहिला उपाय मोठ्या डिशचा. साठऐवजी नव्वद सेंटिमीटरची डिश सव्वादोनपट लहरी गोळा करते, म्हणजे साडेतीन डेसिबलांची भर. दुसरा, जमिनीवरून उपग्रहाकडे जाणारी शक्ती पाऊस पाहून वाढवण्याचा. प्रक्षेपण केंद्रावरच मुसळधार कोसळली तर साऱ्या देशाचे चित्र जाऊ शकते, म्हणून तेथे ही सोय असते. तिसरा, पावसात वेग कमी करून संदेश अधिक भक्कम बांधण्याचा. दुतर्फा इंटरनेट सेवेत हे जमते, कारण प्रत्येक ग्राहकाकडील स्थिती केंद्राला कळते. एकाच वेळी सर्वांसाठी होणाऱ्या डीटीएच प्रसारणात ते शक्य नाही.

चौथा उपाय दोन केंद्रे दूर अंतरावर ठेवण्याचा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात ७३ मिलिमीटर. जोराचा पाऊस असा थोड्या क्षेत्रात एकवटलेला असतो. म्हणून काही दहा किलोमीटर अंतरावरील दोन केंद्रे एकाच क्षणी बुडण्याची शक्यता कमी असते.

ज्या अडथळ्याने संपर्क तुटतो त्याच अडथळ्याने पाऊस मोजताही येतो. १९९७ मध्ये सोडलेल्या अमेरिका-जपानच्या ट्रिम उपग्रहावरील रडार १३.८ गिगाहर्ट्झवर पावसाचा उभा छेद घेत असे. हवामान खात्याची लांब पल्ल्याची डॉपलर रडारे मात्र दहा सेंटिमीटरची लहर वापरतात, जेणेकरून जवळच्या पावसाच्या पडद्यामागचा पाऊसही दिसावा.

संकटाच्या दिवशी कोणती लहर

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा राज्याच्या मोठ्या भागात वीज खंडित झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये सत्तरी आणि डिचोलीत पूर आला. अशा वेळी मोबाइल मनोरे वीज नसल्याने किंवा मनोऱ्यांना जोडणारे दुवे तुटल्याने बंद पडतात. मोबाइलची लहर पावसात टिकते. पण काही मनोरे एकमेकांशी १५ ते २३ गिगाहर्ट्झच्या आडव्या दुव्यांनी जोडलेले असतात आणि मुसळधार पावसात ते क्षीण होतात. मग उपग्रहाचा आधार घ्यावा असे वाटते. परंतु तो आधार ‘केयू’ किंवा ‘केए’ पट्ट्यातील असेल, तर ज्या तासाला त्याची सर्वाधिक गरज, त्याच तासाला तो साथ सोडण्याची शक्यता सर्वाधिक.

त्यामुळे आपत्तीच्या संपर्कासाठी किमान एक वाट लांब लहरींची असायला हवी. उपग्रह फोन सुमारे दीड गिगाहर्ट्झवर चालतात आणि पावसात टिकतात. भारतात ते दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, म्हणून ही व्यवस्था प्रशासनानेच आधी करून ठेवावी लागते. खोल समुद्रातील मच्छीमारांसाठी २०१९ मध्ये आणलेले ‘जेमिनी’ उपकरण गगन उपग्रहसेवेच्या याच पट्ट्यातून वादळाचे इशारे घेते. मोबाइलची रेंज नसलेल्या डोंगराळ वाड्यांना उपग्रह इंटरनेट जरूर मिळावे. मात्र त्याच्या करारात वर्षाची सरासरी उपलब्धता न मागता जून ते ऑक्टोबर या महिन्यांतील उपलब्धता मागणे शहाणपणाचे ठरेल. वर्षाच्या सरासरीत ९९.९ टक्के हा आकडा दिलासा देतो. पण उरलेला ०.१ टक्का म्हणजे पावणेनऊ तास, आणि ते बहुतेक सारे पावसाळ्यातील अतिवृष्टीच्या घटकांत साठलेले असतात.

घरच्या डिशसाठी

पावसाचा जोर आपल्या हाती नाही, पण राखीव ताकद वाया जाऊ न देणे हाती आहे. वाऱ्याने डिश किंचित हलली तरी कोरड्या दिवसांत चित्र नीट दिसते आणि पहिल्या सरीतच जाते. म्हणून पावसाळ्यापूर्वी दिशा तपासून घ्यावी. डिशसमोर वर्षभरात वाढलेली माडाची झावळी किंवा आंब्याची फांदी ओली झाली की लहर अडवते, ती छाटावी. डिशच्या मुखाशी असलेल्या एलएनबीवर प्लास्टिकची पिशवी बांधण्याची प्रथा आहे, पण पिशवीवर साचलेले पाणी स्वतःच लहर शोषते. केबलच्या जोडांत पाणी शिरले असेल तर पाऊस थांबल्यावरही चित्र येत नाही. तो दोष आकाशाचा नसून जोडाचा असतो. मार्चच्या मध्याच्या आसपास आणि सप्टेंबरअखेर स्वच्छ उन्हात काही मिनिटे सिग्नल जातो, त्याचे कारण सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येणे हे आहे.

एवढे करूनही ताशी ८०-१०० मिलिमीटरच्या सरीत चित्र जाईलच. त्या वेळी डिश हलवायला छपरावर चढू नये. अशा सरींसोबत विजा असतात, कौले आणि पत्रे निसरडे झालेले असतात, आणि पंधरा-वीस मिनिटांत तो ढग पुढे सरकलेला असतो.